‘मी’ काढून टाका, असं लिहिण्याआधी: मराठवाड्यातल्या संशोधन मार्गदर्शकांना खुलं पत्र

प्रति,
मराठवाड्यातील विद्यापीठांच्या संशोधन मान्यता समित्यांचे सन्माननीय सदस्य, मार्गदर्शक आणि बाहेरून येणारे परीक्षक यांस,

सप्रेम नमस्कार.

माझ्या एका विद्यार्थिनीचा पीएचडीचा आराखडा समितीकडून परत आला, तेव्हा पहिल्या पानावर लाल शाईत दोन ओळी होत्या : ‘मांडणी व्यक्तिनिष्ठ आहे. प्रथमपुरुषी उल्लेख काढून टाकावेत.’ यापलीकडे काही नाही. कुठलं विधान पुराव्याशिवाय आहे, कुठली पद्धत चुकली आहे, कुठे जास्त वाचायला हवं, यातलं एकही नाही. फक्त सातव्या पानावर एका वाक्याखाली रेघ ओढलेली होती. ते वाक्य असं :

‘तीन हंगाम आईचं पोट दुखत होतं आणि मी कोपीत तिच्या शेजारी झोपत होते, मुकादमाच्या वहीत त्या दिवसांचे खाडे सापडतात, दुखणं सापडत नाही.’

मुलगी बालाघाटाच्या डोंगरातल्या एका गावची. विषय ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या आजारपणाचा. कोपी म्हणजे तोडीच्या जागेवरची झोपडी, मुकादम म्हणजे टोळी जमवणारा ठेकेदार, खाडा म्हणजे कामाला न गेल्याचा दंड. आराखड्याची उरलेली पस्तीसेक पानं नेहमीच्या पद्धतीची आहेत. त्यात आधीच्या अभ्यासांचा आढावा आहे, नमुना कसा निवडणार ते आहे, प्रश्नावली आहे. ‘मी’ एवढ्या एकाच ठिकाणी आला, आणि तिथंच बोट ठेवलं गेलं.

आधी मला राग आला. पण रात्री जुन्या फायली काढून बसले, तेव्हा दिसलं की हाच शेरा मीसुद्धा लिहिलेला आहे. एकदा नाही, चार प्रबंधिकांवर. अठरा वर्षं समाजशास्त्र शिकवते आहे, आणि ‘व्यक्तिनिष्ठ’ म्हणजे नेमकं काय हे त्या चारही विद्यार्थ्यांना मी सांगितलेलं नव्हतं. त्यांनीही विचारलं नाही. ‘मी’ खोडून त्या जागी ‘प्रस्तुत संशोधकास असे आढळून आले’ लिहिलं, मी सही केली, आणि ते पास झाले. म्हणून हे पत्र एका परीक्षकानं दुसऱ्या परीक्षकांना लिहिलेलं आहे असं समजा.

आधी शब्दाकडे पाहू या, कारण घोळ तिथूनच सुरू होतो.

‘व्यक्तिनिष्ठ’ हा शब्द आपल्या जिल्ह्यांत रोज वापरला जातो, पण वेगळ्याच अर्थानं. वर्तमानपत्रात ‘व्यक्तिनिष्ठ राजकारण’ म्हणजे पक्षाशी नव्हे, एखाद्या नेत्याशी निष्ठा असलेलं राजकारण. वर्गात मी हा शब्द फळ्यावर लिहिते तेव्हा पहिल्या बाकावरून हाच अर्थ येतो : ‘मॅडम, म्हणजे एका माणसाला धरून असणारा.’ चूक त्यांची नाही. मराठी कानाला ‘निष्ठा’ म्हटलं की आधी इमान ऐकू येतं. ‘वस्तुनिष्ठ’चीही तीच गत. लातूर, नांदेड, छत्रपती संभाजीनगरच्या अभ्यासिकांत बारा-बारा तास बसणाऱ्या मुलांना ‘वस्तुनिष्ठ’ म्हटलं की चार पर्याय आणि काळा करायचा गोल आठवतो. म्हणजे आपण ज्या जोडीवर सगळं संशोधन तोलतो, तिचा एक शब्द विद्यार्थ्याला राजकारणात भेटतो आणि दुसरा स्पर्धा परीक्षेत.

ज्या इंग्रजी शब्दासाठी आपण ‘व्यक्तिनिष्ठता’ योजली, त्या ‘सब्जेक्टिव्हिटी’चं मूळ तर आणखी चक्रावणारं आहे. लॅटिनमध्ये ‘सुब्’ म्हणजे खाली आणि ‘याकेरे’ म्हणजे टाकणं. ‘सब्जेक्ट’ म्हणजे खाली टाकलेलं, तळाशी असलेलं. ॲरिस्टॉटलच्या ग्रीक शब्दाचं ते भाषांतर. गुण बदलत राहतात, पण ज्याच्यावर ते टेकलेले असतात ते तळाचं जे काही, ते ‘सब्जेक्ट’. त्यामुळे मध्ययुगीन युरोपातल्या पंडितांच्या लेखी वस्तूत स्वतःत जे आहे ते ‘सब्जेक्टिव्ह’ होतं, आणि मनासमोर जे प्रतिमा म्हणून येतं ते ‘ऑब्जेक्टिव्ह’. आजच्या बरोबर उलट! १६४१ मध्ये फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त कल्पनेच्या ‘ऑब्जेक्टिव्ह’ वास्तवाबद्दल लिहितो, तेव्हा त्याला मनातल्या आशयाबद्दलच बोलायचं असतं. पारडं फिरलं ते अठराव्या शतकाच्या शेवटी, जर्मन तत्त्वज्ञ कांटनंतर. ज्या शब्दानं एवढी कुशी पालटली आहे, तो आपण लाल शाईत असा लिहितो, जणू त्याचा अर्थ दगडात कोरलेला आहे.

आणि मराठीत तर हा एक शब्द पाच ठिकाणी फुटतो. शाळेतला ‘सब्जेक्ट’ म्हणजे विषय. व्याकरणातला ‘सब्जेक्ट’ म्हणजे कर्ता. तर्कशास्त्रात तो उद्देश्य. राजाचा ‘सब्जेक्ट’ म्हणजे प्रजा. आणि जाणणारा, अनुभवणारा तो ‘सब्जेक्ट’ म्हणजे आपल्या जुन्या परिभाषेत विषयी. ब्रह्मसूत्रांवरचं शंकराचार्यांचं भाष्य सुरूच होतं ते विषय आणि विषयी यांच्यापासून. ‘तू’ म्हणून जे कळतं ते विषय, ‘मी’ म्हणून जे कळतं तो विषयी. अंधार आणि प्रकाश यांच्यासारखे दोघांचे स्वभाव विरुद्ध, आणि तरी माणूस दोघांची सरमिसळ करतो, असं ते म्हणतात. म्हणजे बाराशे वर्षांपासून आपल्याकडे याला नेमका शब्द होता. पुढे तो हातचा गेला. मराठीत ‘विषयी’ म्हटलं की वासनेत बुडालेला माणूस आठवतो, नाहीतर ‘त्याविषयी’ मधलं शब्दयोगी अव्यय. ‘विषयीनिष्ठ’ असं मी एकदा शोधनिबंधात लिहिलं, तर संपादकांनी ती मुद्रणातली चूक समजून ‘विषयनिष्ठ’ केलं. अर्थ उलटा झाला आणि निबंध तसाच छापला गेला.

यातला ‘प्रजा’ हा अर्थ मराठवाड्यानं तरी विसरू नये. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत इथला माणूस निजामाची प्रजा होता. इंग्रजीत लिहायचं तर सब्जेक्ट. त्याच्यावर हुकूम चाले, त्याची नोंद होई, त्याच्याकडून सारा घेतला जाई. त्याच शब्दाचा दुसरा अर्थ आहे स्वतःच्या नावानं ‘मी’ म्हणणारा. प्रजा असलेला माणूस ‘मी’ म्हणू लागला की काय होतं, हे या प्रदेशानं मुक्तिसंग्रामात पाहिलं. पुढे मिलिंद महाविद्यालयाच्या आवारातून शिकून गेलेली मुलं लिहू लागली तेव्हाही पाहिलं. त्या पिढीच्या दलित आत्मकथनांवर काय आक्षेप घेतले गेले, ते आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. हे साहित्य नव्हे, तक्रार आहे. फार वैयक्तिक आहे. कलात्मक अंतर नाही. आज तीच पुस्तकं आपण अभ्यासक्रमाला लावतो आणि त्यांच्यावर प्रबंध करून घेतो. त्या प्रबंधांत मात्र ‘मी’ चालत नाही.

आता मुद्द्यावर येते. ‘व्यक्तिनिष्ठ’ या एका शेऱ्यात आपण निदान तीन वेगळ्या गोष्टी कोंबतो.

पहिली म्हणजे मनमानी. पुरावा एक सांगतो आणि लेखक आपल्या आवडीनिवडीप्रमाणे दुसरंच लिहितो. हा दोष आहे, तो दाखवलाच पाहिजे. पण त्याला मराठीत सरळ शब्द आहेत : पूर्वग्रह, पक्षपात, निराधार विधान.

दुसरी गोष्ट दोष नाहीच. जगात काही गोष्टी अशा आहेत की त्या कुणाला तरी होतात म्हणूनच असतात. भूक, भीती, लाज, ठणका. झाड कुणी न पाहता उभं राहील, पण कुणालाच न दुखता दुखणं शिल्लक राहत नाही. ते कुणाचं तरी असतं. तत्त्वज्ञ जॉन सर्ल यांनी हा भेद फार स्वच्छ केला आहे. एखादी गोष्ट असण्याच्या बाबतीत व्यक्तीवर अवलंबून असते म्हणून तिच्याबद्दलचं ज्ञानही लहरी ठरतं, असं नाही. ‘काल रात्री या बाईच्या ओटीपोटात दुखत होतं’ हे विधान खरं किंवा खोटं असतं. ते माझ्या मतावर ठरत नाही. दुखणं तिचं आहे, पण ते होतं ही गोष्ट सगळ्यांसाठी आहे.

डॉक्टरांना हे आपल्याआधी कळलं. अमेरिकी डॉक्टर लॉरेन्स वीड यांनी १९६० च्या दशकात रुग्णनोंदीची जी पद्धत आखली, ती आज जगभर शिकवली जाते. तिचे चार भाग आहेत, आणि पहिल्याच भागाचं नाव ‘सब्जेक्टिव्ह’. रुग्ण स्वतः काय सांगतो ते आधी लिहा, मग तपासणीत काय दिसलं ते लिहा, असा तो क्रम. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं २०२० मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली, तेव्हा सोबतच्या टिपांत लिहिलं की वेदना हा नेहमीच व्यक्तीचा स्वतःचा अनुभव असतो, आणि दुखतंय असं माणूस सांगतो तेव्हा त्या सांगण्याचा आदर राखला पाहिजे. तिथं ‘व्यक्तिनिष्ठ’ हा नोंदवहीतला पहिला रकाना आहे. आपल्याकडे तो आराखडा परत पाठवण्याचं कारण झाला.

तिसरी गोष्ट कर्तेपणाची. अभ्यास ज्यांच्यावर होतो त्या माणसांना स्वतःच्या आयुष्याचा अर्थ लावता येतो, आणि तो अर्थ हीसुद्धा आपल्या अभ्यासाची सामग्री आहे. इथं मला आमच्या भागातला एक शब्द तुमच्यासमोर ठेवायचा आहे : कोयता.

ऊसतोडीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’. एकटा माणूस ‘अर्धा कोयता’. दसरा-दिवाळीच्या सुमाराला मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती कोयत्यावर, टोळी मोजली जाते ती कोयत्यांवर, कुणी आजारी पडून फडात गेलं नाही तर खाडा पडतो तो कोयत्याच्या नावावर. पहाटे तीन-चारला उठून भाकरी थापणारी, दिवसभर मोळ्या बांधणारी, त्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणारी, रात्री उरलेलं वाडं आवरणारी बाई या हिशेबात कुठं आहे? एका हत्याराचा अर्धा भाग म्हणून. तिच्या नावानं उचल नाही, तिच्या नावाची वही नाही. माणसाचं वस्तू होणं म्हणजे काय, हे शिकवायला मी वर्गात परदेशी विचारवंतांची उदाहरणं देत आले. उदाहरण तर एसटी स्टँडवर दर वर्षी ट्रकात चढताना दिसत होतं.

अशा बाईच्या मुलीनं संशोधनात ‘मी’ लिहिलं, तर तो एक सर्वनाम चुकून आल्याचा प्रकार नव्हे. घराण्यात पहिल्यांदा कुणीतरी कोयता म्हणून नव्हे, माणूस म्हणून कागदावर आलं आहे.

याउलट आपल्या आजूबाजूला व्यक्तिनिष्ठतेला सरकारी शिक्का किती सहज मिळतो, तेही पाहा. दर वर्षी ३० सप्टेंबरला गावोगावची खरिपाची पैसेवारी, म्हणजे पीक किती आलं याचा पैशांत मांडलेला अंदाज, जाहीर होते. पूर्वी आणेवारी म्हणत. पहिल्या पैसेवारीचं सरकारी नावच ‘नजर अंदाज पैसेवारी’ आहे. नजरेनं केलेला अंदाज! पुढे ती सुधारित होते आणि मराठवाड्यात १५ डिसेंबरच्या सुमाराला अंतिम होते. पन्नास पैशांच्या खाली गेली की टंचाईच्या सवलतींचा विचार होतो. मी या पद्धतीला नावं ठेवत नाही. शिवार पाहिलेल्या डोळ्यांना अनुभव असतो. पीक कापणीचे प्रयोगही होतात, आणि २०१६ च्या दुष्काळ संहितेनंतर उपग्रहाची चित्रं, जमिनीतली ओल, पावसातले खंड असे निर्देशांकही आले. पण समितीनं बांधावर उभं राहून केलेला अंदाज दोन अंकी आकड्यात बसला की त्याला कुणी व्यक्तिनिष्ठ म्हणत नाही. तसंच एमपीडीए कायद्याचं, म्हणजे धोकादायक ठरवलेल्या माणसाला खटल्याआधीच स्थानबद्ध करू देणाऱ्या महाराष्ट्राच्या कायद्याचं. १९८१ च्या या कायद्याखाली एखाद्याला स्थानबद्ध करायचं, तर आदेश देणाऱ्या अधिकाऱ्याची ‘खात्री’ पटावी लागते, आणि न्यायालयं या खात्रीला अधिकाऱ्याचं व्यक्तिनिष्ठ समाधान असंच म्हणतात. न्यायालय त्याच्यामागची कागदपत्रं तपासतं, पण त्याच्या जागी स्वतःची खात्री सहसा ठेवत नाही. एका अधिकाऱ्याच्या व्यक्तिनिष्ठ समाधानानं माणूस वर्षभर आत राहू शकतो. एका मुलीनं आईचं दुखणं जवळून पाहिलं, तर तेवढं वाक्य सातव्या पानावर राहू शकत नाही.

म्हणजे प्रश्न व्यक्तिनिष्ठ असण्याचा नाही. ती व्यक्ती कोण, हा आहे.

आकड्यांची बाजूही मांडते, नाहीतर मी अर्धंच बोलले असं होईल. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तपासणीत ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची ‘पिशवी काढलेली’ आढळली. हा आकडा नसता तर कुणी हललं नसतं, हे मला मान्य आहे. दर सहा बायकांत एक! पण हा आकडा जन्मला कसा? त्याच्या कितीतरी वर्षं आधी बायका एकमेकींना सांगत होत्या. पाळीच्या दिवसांत खाडा पडतो. फडाजवळ पाणी नाही, आडोसा नाही. डॉक्टरांनी कॅन्सरची भीती घातली. उचल फिटायची आहे. ‘पोटात दुखायलंय, पण सांगावं कुणाला?’ हे वाक्य मी स्वतः दहा वर्षांपूर्वी एका कोपीत ऐकलं आणि ‘इतर’ या रकान्यात टिपलं, कारण माझ्या प्रश्नावलीत त्याला जागा नव्हती. त्या सांगण्यावर विश्वास ठेवणारं कुणीतरी भेटलं, म्हणून मोजणी झाली. ‘पिशवी काढली का? हो/नाही’ हा प्रश्न सुचायला आधी कुणाचं तरी ‘मला’ ऐकावं लागतं.

‘मला’. यावर जरा थांबते, कारण इथं आपली भाषा आपल्यापेक्षा पुढं आहे. मराठीत आपण ‘मी दुखतो’ म्हणत नाही. ‘माझं डोकं दुखतं’, ‘मला भूक लागली’, ‘मला भीती वाटते’, ‘मला आठवतं’ असं म्हणतो. शाळेतल्या व्याकरणाप्रमाणे ‘मला भूक लागली’ या वाक्याचा कर्ता भूक आहे, मी नाही. क्रियापद तिच्या लिंगाप्रमाणे चालतं. ‘मी’ चतुर्थीत, जिच्यापाशी भूक आली अशी. म्हणजे अनुभव ही गोष्ट मी करत नाही, ती माझ्याकडे येते, हे मराठीनं विभक्तीतच नोंदवून ठेवलं आहे. मनमानी करणारा ‘मी’ वेगळा आणि अनुभव येणारी ‘मला’ वेगळी. आणि ऐकीव गोष्टीसाठी तर आपल्याकडे एक छोटासा शब्द आहे : ‘म्हणे’. ‘पलीकडच्या तांड्यावर तिघींची पिशवी काढली म्हणे.’ हे बोलणारी बाई एका शब्दात सांगते की मी पाहिलेलं नाही, ऐकलं आहे. ‘मी पाहिलं’, ‘मला वाटलं’, ‘म्हणे’. पुराव्याच्या या तीन पायऱ्या फडातली निरक्षर बाईही चुकत नाही. आपण मात्र प्रबंधात तिन्ही पुसून एकच लिहायला लावतो, ‘असे आढळून आले’. कुणाला आढळलं? केव्हा? कुणाच्या तोंडून? वाक्यातून कर्ता गेला की ही विचारणाच बंद होते.

यावर तुमचा आक्षेप काय असेल, त्याची मला कल्पना आहे. आपल्याच माणसांवर संशोधन करणारा त्याला हवं तेच ऐकतो, बरोबर? बरोबर आहे. ते मी केलेलं आहे.

२०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं. त्या उन्हाळ्यात मी लातुरात टँकरच्या रांगांतल्या बायकांच्या मुलाखती घेत होते. मीही तिथंच भाड्याच्या खोलीत राहत होते, घागर घेऊन त्याच रांगेत उभी राहत होते. माझ्या टिपणांत प्रत्येक बाई संतापलेली होती. पुढे कधीतरी ध्वनिमुद्रणं पुन्हा ऐकली, तेव्हा लक्षात आलं की ‘राग’ हा शब्द बहुतेक मुलाखतींत आधी मी उच्चारला होता. ‘राग येत असेल ना?’ असं मी विचारत होते आणि त्या ‘येतो की’ म्हणत होत्या. ज्या तीन-चार जणींना मी हा प्रश्न विचारलेला नव्हता, त्या वेगळंच बोलत होत्या. रात्री दोनला टँकर आला की सगळी गल्ली जागी होते, त्या वेळच्या गप्पा. सासूबरोबर पहिल्यांदाच मोकळं बोलणं. आणि पाण्यापायी मुलीचं लग्न मोडल्याची लाज, जी रागापेक्षा फार खोल होती. ते सगळं मी रागाखाली दाबलं होतं.

ही चूक व्यक्तिनिष्ठतेची, पहिल्या अर्थानं. पण ती सापडली कशी ते पाहा. माझे प्रश्न, माझा आवाज, मी कुठं उभी होते, हे सगळं नोंदलेलं होतं म्हणून सापडली. मी ‘महिलांमध्ये तीव्र संताप असल्याचे आढळून आले’ एवढंच लिहून ठेवलं असतं, तर ते वाक्य अगदी वस्तुनिष्ठ दिसलं असतं आणि कायमचं खोटं राहिलं असतं. ‘मी’ काढून टाकल्यानं पूर्वग्रह जात नाही. त्याचा माग तेवढा जातो.

हे मी कुठल्या परक्या ग्रंथातून आणलेलं नाही. ज्या गोदाकाठी आपण राहतो, तिथल्याच एका परंपरेत ते आहे. महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांच्या मागे, तेराव्या शतकाच्या अखेरीस, म्हाइंभटांनी त्यांच्या लीळा गोळा केल्या. ते काय करत? ज्यांनी पाहिलं, ज्यांनी ऐकलं, त्यांच्याकडे जात. ज्याची आठवण त्याच्याकडून घेत आणि पंथाचे आचार्य नागदेवाचार्य यांच्याकडून पडताळून घेत. मराठीतला पहिला मोठा गद्य ग्रंथ, लीळाचरित्र, असा माणसांच्या आठवणींतून उभा राहिला. आठवण व्यक्तीची म्हणून ती त्यांनी टाकून दिली नाही, आणि व्यक्तीची म्हणून आंधळेपणानं घेतलीही नाही. त्याच नागदेवाचार्यांनी केशोबासांना संस्कृतात रचना करण्यापासून अडवलं, ते ‘माझ्या म्हाताऱ्या नागवल्या जातील’ म्हणून. ज्या बाया त्या परंपरेच्या साक्षीदार होत्या, त्यांनाच वाचता-ऐकता येणार नाही अशा भाषेत ती जाऊ नये, एवढी त्यांना काळजी. आपले प्रबंध त्या कोपीतल्या म्हातारीला कुणी वाचून दाखवले, तर तिला त्यात ती सापडेल का?

साहित्याच्या प्राध्यापकांना वेगळं सांगायला नको की ‘सब्जेक्टिव्ह’साठी त्यांच्याकडे ‘आत्मनिष्ठ’ हा शब्द आहे, आणि तो शब्द म्हणजे शिवी नव्हे. मर्ढेकरांनी तर आत्मनिष्ठा हा लेखकाचा गुण मानला. एकाच इमारतीत खालच्या मजल्यावर जो गुण, तो वरच्या मजल्यावर दोष, असं चालू आहे.

तुमच्याकडे मागणं काय, तर फार नाही. ‘व्यक्तिनिष्ठ’ हा शब्द शेऱ्यात एकटा लिहू नका. पूर्वग्रह दिसत असेल तर पूर्वग्रह लिहा आणि ओळ दाखवा. पुरावा कमी असेल तर किती हवा ते सांगा. विद्यार्थी स्वतःच्या घराबद्दल, स्वतःच्या जातीबद्दल, स्वतःच्या गावाबद्दल लिहीत असेल, तर त्याला ‘मी’ काढायला सांगण्याऐवजी ‘मी’चा पूर्ण हिशेब मागा. कुठं उभी होतीस? तुला कोण काय म्हणून ओळखत होतं? कुणी तुझ्याशी बोललं नाही? तुझ्या म्हणण्याच्या उलट कोण बोललं, आणि ते कुठल्या पानावर आहे? हे प्रश्न ‘मी काढून टाका’ पेक्षा कितीतरी कठोर आहेत. त्यांची तयारी करायला माझ्या विद्यार्थिनीला चार महिने लागले. त्यात तिला आईच्याच टोळीतली एक बाई भेटली, जिनं सांगितलं की पिशवी काढल्यावर मला बरं वाटलं, मी माझ्या मनानं काढली, कुणी जबरदस्ती केली नाही. मुलीला ते रुचलं नाही. दोन दिवस ती माझ्याशी नीट बोलली नाही. मग ती मुलाखत तिनं शब्दशः परिशिष्टात घातली आणि प्रश्नावलीत निर्णय कुणाचा होता याबद्दलचे तीन प्रश्न वाढवले.

आराखडा येत्या बैठकीत पुन्हा तुमच्यासमोर येतो आहे. सातव्या पानावरचं ते वाक्य आहे तसंच ठेवलं आहे. त्याखाली आता एक टीप आहे. कोपी कुठल्या कारखान्याच्या हद्दीत होती, मुलीचं वय तेव्हा किती, वहीतले खाडे कुठल्या तारखांचे, आईनं हे स्वतः कधी सांगितलं आणि सांगताना काय गाळलं, हे सगळं त्यात आहे. तिला विचारायचं ते जरूर विचारा. आई त्या दिवशी सोबत येते म्हणाली आहे. ती बाहेर व्हरांड्यात बसेल.

आपली,
एक सहकारी मार्गदर्शक,
अंबाजोगाई, जि. बीड